सोळाशेच्या जिल्ह्यात बेचाळीस किलोमीटर

भंडाऱ्यात पहाटे रस्त्याने धावणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "काऊन जी, कोनती भरती निघाली?" धावणारा विशीतला असेल तर प्रश्नात आस्था असते, चाळिशीतला असेल तर चेष्टा. भरती-बिरती काही नाही, असंच धावतो, असं सांगितलं की विचारणारा एकदा खालून वर पाहतो आणि आपल्या वाटेला लागतो. पहाटे घाम गाळायचा तो नोकरीसाठी, हे या जिल्ह्याचं गणित आहे आणि त्यात चूक काही नाही. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखांदूर, कुठेही जा; झुंजूमुंजू होताच शाळेच्या मैदानावर, तलावाच्या पाळीवर पोरं-पोरी धावताना दिसतात. ज्या जिल्ह्याला धावण्याची इतकी सवय, तिथल्या माणसाला मॅरेथॉन सोपी जायला हवी. ती जात नाही. का जात नाही, हे सांगितल्याशिवाय पुढच्या तक्त्यांना अर्थ नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबणार आहे.

अडचण सोळाशे मीटरची आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं, महिलांना ८००. मैदानाच्या ५० गुणांपैकी २० एकट्या या धावेचे, आणि ते सगळे हवे असतील तर पुरुषांनी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत रेघ ओलांडायची. सैन्यातल्या अग्निवीर भरतीतही १६०० मीटरच, साडेपाच मिनिटांत पूर्ण गुण. त्यामुळे इथल्या मैदानांवर धावणं म्हणजे टायमिंग लावणं. रोज घड्याळ, रोज जीव तोडून चार फेऱ्या, आणि शेवटी कुणीतरी गुडघ्यांवर हात टेकून ओकतोय. सेकंदावर नोकरी अवलंबून असलेल्या मुलाला हळू धाव म्हणणं ही त्याची थट्टाच ठरेल. पण हीच पोरं पुढे नोकरीला लागतात, तिशी ओलांडतात, पोट सुटतं, आणि कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर मेडलचा फोटो पाहून मॅरेथॉनला नाव घालतात. मग रस्त्यावर उतरतात ती तीच जुनी सवय घेऊन. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर दम लावून, दुसऱ्या दिवशी सहा, आठवडा सरता सरता नडगी धरून घरात. ही पुस्तिका मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आकडे एकदा मांडून पाहू. ५ मिनिटं १० सेकंदांची सोळाशे म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं १४ सेकंद. हाच वेग ४२.१९५ किलोमीटर टिकवला तर मॅरेथॉन २ तास १६ मिनिटांत संपेल. शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ कुणाला हलवता आला नाही. त्याची फोड केली तर पाच-पाच मिनिटांच्या सव्वीस सोळाशे, एकामागून एक, मध्ये श्वास न घेता, आणि वर उरलेलं अंतर. आमच्याकडे पाच मिनिटांची एक सोळाशे मारणारा पोरगा गावात नाव काढतो. उलट साडेचार तासांत पहिली मॅरेथॉन पुरी करायची असेल तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद पुरतात, म्हणजे सोळाशेला सव्वादहा मिनिटं. आणि सरावातलं बहुतेक धावणं तर त्याहूनही सावकाश, किलोमीटरला सात-साडेसात मिनिटांनी करायचं असतं. मैदानावर वाढलेल्या माणसाला पाय दुखण्यापेक्षा हे जास्त दुखतं.

मराठी मुलखाचा लांब पल्ल्याशी संबंध नवा नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला खेळाडूंचा चमू गेला. त्यात मॅरेथॉन धावणारे दोघे, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत आले, एकोणिसावे. किलोमीटरला चार मिनिटं पडतात. तोच वेग घेऊन ते आज आमच्या भरतीच्या मैदानावर उतरले असते तर त्यांची सोळाशे ६ मिनिटं २३ सेकंदांची झाली असती आणि बरेच गुण कापले गेले असते. हा हिशेब गमतीचा आहे हे मान्य, पण मॅरेथॉनचा वेग आणि मैदानाचा वेग या दोन वेगळ्या जाती आहेत, हे त्यातून पटकन कळतं.

हळू का धावायचं, याचं उत्तर शरीरात आहे. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने ६० कॅलरी लागतात. बेचाळीस किलोमीटरला अडीच हजार. तूट उघड आहे. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय अचानक परके होतात ते यामुळे. शरीराला चरबी जाळायची सवय लागली तर हा साठा पुरवून पुरवून वापरला जातो, आणि ती सवय लागते आरामात, बोलत-बोलत केलेल्या धावण्याने. त्याच संथ धावण्यात स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात. दुसरं असं की दम वाढायला काही आठवडे पुरतात, कंडरा आणि हाडं मजबूत व्हायला महिने जातात. भरतीच्या जोरावर आलेल्या माणसाचा दम पायांच्या पुढे पळतो, आणि मग नडगी, टाच, गुडघा एकेक करून बोलू लागतात.

वेग मोजायला घड्याळ नसलं तरी चालतं. सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येत असतील, मध्येच शब्द तुटत नसतील, तर वेग बरोबर आहे. एकटे असाल तर मनात नव्हे, मोठ्याने बोलून पाहा. कालव्याच्या पाळीवर पहाटे कोण ऐकतंय?

वेग झाला, आता अंतर. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत आणि स्वतःच्या शरीरावर प्रयोग करत. आठवड्याला किती अंतर धावल्याने माणूस बनतो आणि किती धावल्याने मोडतो, हे पाहत ते शंभर मैलांवर, म्हणजे १६० किलोमीटरवर आले. त्यांच्याच ऑकलंडमधल्या शिष्यांपैकी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरला सुवर्ण घेतलं, मरे हॅलबर्गने ५००० मीटरला, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनला कांस्य. आठशे मीटरच्या विजेत्यालाही रविवारी बावीस मैलांच्या चढउतारावर धावावं लागे. भरतीची शिकवणी घेणाऱ्या आमच्या गुरुजींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्याला शंभर मैल करायचे नाहीत. पण लिडियार्डकडून एक गोष्ट जशीच्या तशी घ्यायची, ती म्हणजे हिशेब आठवड्याचा ठेवायचा. आजचा दिवस चांगला गेला की वाईट, याला फारसा अर्थ नसतो. एका आठवड्यात किती, त्यातलं किती संथ, किती जोराचं, विश्रांती कुठे, हे जुळलं की पुढचा आठवडा त्यावर उभा राहतो. या पुस्तिकेतले आठवडे ३० किलोमीटरपासून सुरू होऊन ६० च्या आत थांबतात. तीन दिवस सहा ते दहा किलोमीटर आरामात, एक दिवस जोराचा, एक दिवस लांब पल्ल्याचा, एक दिवस पूर्ण सुट्टी; राहिलेल्या दिवशी पायांपेक्षा पोट, पाठ आणि कमरेचा व्यायाम. दर चौथा आठवडा हलका. लांब पल्ला वाढत वाढत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत जातो, त्यापुढे नाही. बेचाळीस सरावात धावून पाहण्याची हौस अनेकांना असते. तिची किंमत स्पर्धेच्या दिवशी मोजावी लागते.

मोठ्या शहरांतले तक्ते सोमवारी सुट्टी लिहितात, कारण रविवारी लांब धावून सोमवारी ऑफिसात बसायचं असतं. आमच्याकडे सुट्टी गावाच्या बाजाराच्या दिवशी ठेवा, असं मी सुचवीन. त्या दिवशी तसंही पहाटे उठून गाडी भरायची असते, दिवसभर उभं राहायचं असतं आणि रात्री पाहुणा असतो. वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत पाळीने काम करणाऱ्याचा आठवडा पाळीबरोबर फिरतो. रात्रपाळीच्या आठवड्यात जोराचा दिवस गाळायचा आणि लांब धाव रात्रपाळी उतरल्या सकाळी कधीही करायची नाही, झोप झाल्यावर संध्याकाळी. शेतीवाल्यांसाठी नियम आणखी सोपा आहे. बांधीत दिवसभर वाकून कापणी केली तर तो दिवस जोराचा धरायचा. घड्याळात त्याची नोंद होत नाही म्हणून कमरेला ते कळत नाही असं थोडंच आहे!

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि अलीकडे ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यापासून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. इथे तेव्हा धान निसवायच्या बेतात असतो, बांध्यांत पाणी असतं, हवा कोंदट. पहिले चार आठवडे वेगाचा विचारच करू नका. ऑक्टोबरात हलका धान कापणीला येतो, नोव्हेंबरात भारी. कडपा वाळतात, पुंजणे लागतात, रस्त्याच्या कडेला मळणीयंत्रं उभी राहतात आणि त्यांची धूळ नाकातोंडात जाते. त्या दिवसांत रुमाल जवळ ठेवा आणि पांदणीने धावत असाल तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बघून पाय टाका. वाळलेल्या चाकोरीत घोटा मुरगळला तर सगळा हंगाम जातो. भाऊबीज झाली की मंडई. आज या गावची, उद्या त्या गावची. घरात पाहुणे, दिवसा दंडार, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि ते अर्धवट सोडून झोपायला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा मंडईच्या आठवड्यात लांब धाव दोन दिवस पुढे ढकला. तक्त्यात त्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे.

लांब धावेबद्दल थोडं सविस्तर. मॅरेथॉन म्हणजे भंडाऱ्याहून निघून साकोली गाठायची आणि आणखी थोडं पुढे जायचं. एका दमात सरळ लाखनीकडे निघण्याचा मोह होतो, पण मुंबई-कोलकाता महामार्गावर धावू नका. पहाटे रेतीचे टिप्पर ज्या वेगाने जातात त्यात अंधारातला माणूस दिसत नाही, आणि रस्त्याची कड उतरती असल्याने एकाच बाजूच्या गुडघ्यावर भार येत राहतो. पाच-सहा किलोमीटरची गोल फेरी निवडा. ती तीन-चार-पाच वेळा मारा. दर फेरीला त्याच चहाच्या टपरीशी या, जिथे आदल्या संध्याकाळी सांगून पाण्याच्या बाटल्या ठेवल्या असतील. दोन-तीन रविवार टपरीवाला हसतो, नंतर तोच बाटली उघडून हातात देतो. कंटाळा येतो हे खरं, पण कंटाळ्यातही पाय चालू ठेवायची सवय मॅरेथॉनला लागतेच. कारध्याला वैनगंगेच्या जुन्या पुलावर डिसेंबरात पहाटे इतकं धुकं असतं की समोरच्या सायकलची घंटी आधी ऐकू येते आणि सायकल मागून दिसते. अशा वेळी अंगावर चमकणारी पट्टी हवी, डोक्याला बॅटरी हवी, आणि समोरून वाहनं येतात त्या बाजूने धावायला हवं. कोका अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यांवर उजाडल्याशिवाय जाऊ नका. तिथल्या जनावरांना तुमच्या तक्त्याची कल्पना नाही.

खाण्याची चिंता तांदळाच्या जिल्ह्यात फार करायची नसते. आदल्या रात्री भात-वरण, निघण्यापूर्वी केळं किंवा थोडे पोहे, दीड तासाच्या पुढच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जाईल इतका गूळ, खजूर किंवा जेल. जे स्पर्धेत खायचं तेच रविवारी खाऊन पाहायचं, म्हणजे पोटाला नवल वाटत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवायचं. चिमूट-चिमूट पेल्यात टाकण्याची आपली पद्धत चुकीची, कारण क्षारांचं प्रमाण बिघडतं. आणि तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहणं घातक आहे. रक्तातलं सोडियम उतरून माणूस कोसळू शकतो.

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल आणि इथे वगळून चालणार नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. सिकलसेलग्रस्त माणसाला या पुस्तिकेचा सराव लागू नाही. त्याने डॉक्टरांशिवाय पाऊल उचलू नये. प्रश्न वाहकांचा आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं, आणि वाहक उत्तम धावू शकतो. मात्र उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, एकदम जीव तोडून धावल्यास वाहकाचे स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडण्याचा, क्वचित मृत्यूचाही धोका असतो. भरतीची पद्धत नेमकी तीच, पहिल्याच दिवशी सगळं झोकून देणं. म्हणून आधी रक्ताची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सकारात्मक आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस करतात. वाहक निघालात तर धावणं सोडायचं कारण नाही. आठवडे हळूहळू वाढवा, जोराच्या दिवशी फेऱ्यांमध्ये पुरेसं थांबा, आणि मांड्या किंवा कंबर दुखून पाय लुळे पडल्यासारखे वाटले की त्याच क्षणी थांबा. "अजून एक फेरी" म्हणणाऱ्या गुरुजींना तपासणीचा कागद दाखवा. चाळिशीच्या पुढच्यांनी याबरोबर रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्यावा.

बायकांसाठी वेगळा तक्ता दिलेला नाही, कारण आठवड्याची बांधणी तीच आहे. वेगळी आहे ती सोय. ऑलिम्पिकमध्येसुद्धा बायकांची मॅरेथॉन १९८४ साली आली, त्यामुळे गावाने सवय व्हायला वेळ घेतला तर नवल नको. पोलीस भरतीने एक चांगलं केलं: पहाटे ट्रॅकपँट घालून मैदानावर जाणारी मुलगी आता कुणाला खटकत नाही. लग्नानंतर मात्र तीच मुलगी मैदानावर दिसेनाशी होते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातून आलेल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या आणि २०१६ साली रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. परभणीच्या ज्योती गवते यांनीही मुंबईत पहिला क्रमांक घेतला आहे. दोन्ही ठिकाणं भंडाऱ्याहून फार श्रीमंत नाहीत. तीन-चार जणींनी मिळून निघावं, आणि घरच्यांनी त्या तासाचा चहा स्वतः करावा.

मुंबईबद्दल दोन सूचना. डिसेंबरात इथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो आणि आठ-नऊनंतर ऊन चढतं. थंडीत बनवलेला वेग तिथे टिकत नाही. शरीर उष्णतेला सरावायला दहा-चौदा दिवस घेतं, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत, जेव्हा अंतर तसंही कमी होत जातं, काही हलक्या धावा सकाळी दहा-अकराला करा. दुसरं, पेडर रोडचा चढ. तो फार उंच नाही, पण दमलेल्या पायांना लागतो. आपला जिल्हा बराचसा सपाट. चढासाठी उड्डाणपूल शोधा, तुमसरकडचे असाल तर अंबागडची चढण आहेच.

जायला विदर्भ एक्स्प्रेस सोयीची. तुमसर रोड किंवा भंडारा रोडला बसलं की सकाळी थेट सीएसएमटी, आणि त्याच इमारतीसमोरून मॅरेथॉन सुटते. पण शनिवारी पोहोचायचं ठरवू नका. बिब आधी घ्यावा लागतो, गाडीतली रात्र धड झोपेची नसते, आणि गाडीला उशीर होतो तेव्हा तो आपली स्पर्धा बघून होत नाही. गुरुवारी निघा.

पुढच्या पानांवरच्या तक्त्यांत वार आहेत, तारखा नाहीत. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात स्पर्धेची तारीख लिहा, तिथून मागे मोजत दर आठवड्यावर तारीख टाका, आणि मग बाजाराचा दिवस, पाळी, कापणी, मंडई, घरातलं लग्न हे सगळं आधी भरा. राहिलेल्या चौकटींत धावणं बसवा. पेन्सिल वापरा.